गरुडचे टायर आणि साडेपाचचं ताट

परवा पुण्याहून मुलाचा फोन आला. गाडीचे चारही टायर बदलायचेत, कुठल्या कंपनीचे घेऊ, असं विचारत होता. विचारत कसला, सांगतच होता. मोबाईलवर त्यानं सहा कंपन्यांचा तक्ता काढला होता. कुठला टायर किती चालतो, ओल्या रस्त्यावर कसा, खड्ड्यांत कसा, लोकांनी कुणाला किती चांदण्या दिल्यात, सगळं त्याला पाठ. मी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "संध्याकाळी घरी किती वाजता पोचायचं असतं तुला?" म्हातारी विषय बदलतेय असं त्याला वाटलं असणार. "आई, मी टायरबद्दल बोलतोय," तो म्हणाला. मीही टायरबद्दलच बोलत होते. पण ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथं लिहून ठेवते.

शाहूपुरीत आमचं टायरचं दुकान होतं आणि दुकानाच्या पाठीमागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहत होतो. आण्णा म्हणजे माझे वडील, आई आणि मी. सकाळी डोळे उघडायच्या आत रिमवर पडणाऱ्या हातोड्याचा आवाज कानांवर यायचा, मग हवा भरायच्या यंत्राची धडधड. रबराचा वास घरात इतका मुरला होता की मैत्रिणी आल्या की नाकाला रुमाल लावायच्या आणि मला कळायचंच नाही कशासाठी. स्वयंपाकघरात मात्र आईचं राज्य. आम्ही जैन. कांदा-लसूण घरात नाही, बटाटा नाही, चातुर्मासात पालेभाजीसुद्धा नाही. त्यामुळे आषाढापासून कार्तिकापर्यंत दोडका, पडवळ, मुगाची आमटी आणि पुन्हा दोडका. आईच्या हाताला चव होती म्हणून निभलं, नाहीतर दोडका पाहिला की मला घर सोडून पळून जावंसं वाटायचं. तसं ही गोष्ट घडली त्या वर्षी मला कशाकशापासून पळून जावंसं वाटायचं. कॉलेजात बसवत नव्हतं, घरात करमत नव्हतं. जीप चालवायला शिकवा म्हणून आण्णांच्या मागं लागले होते आणि ते नुसतं "बघू" म्हणायचे. मी मुळात उतावीळ. हा गुण कुणाकडून आला ते मला पुढं त्याच वर्षी समजलं.

चातुर्मासात सूर्य मावळायच्या आत जेवण, हा आमच्याकडचा नियम. त्यानंतर सकाळपर्यंत काही नाही. आण्णा आठवड्यातले चार दिवस जीप घेऊन राधानगरी, गारगोटी, आजरा असे गिऱ्हाईक करत फिरायचे. बाहेरचं अन्न त्यांना चालत नसे, आणि त्यांच्याआधी जेवायचं आईला पटत नसे. मला ती लवकर वाढून मोकळी व्हायची, "तू वाढत्या अंगाची, तू जेव." स्वतः मात्र थांबायची. आण्णा वेळेत आले नाहीत तर दोघंही उपाशी झोपणार, इतकं ते सरळ होतं. दुकानात खिळ्याला कॅलेंडर होतं, त्यावर रोजच्या सूर्यास्ताची वेळ छापलेली असायची. साडेपाच वाजले की आईची फेरी सुरू. चुलीपासून दारापर्यंत, दारापासून कॅलेंडरपर्यंत, कॅलेंडरपासून परत चुलीपर्यंत. तिच्या हातातल्या बांगड्यांचा तो येरझारांचा आवाज मला अजून ऐकू येतो. मग कोपऱ्यावर जीपचा हॉर्न वाजायचा, आई तव्यावर भाकरी टाकायची, आण्णा हात धुता धुता विचारायचे, "किती मिनिटं हाईत?" बहुतेक वेळा आठ-दहा असायची. कधी चार. ते वेळेत पोचले नाहीत असं मात्र कधी झालं नाही, आणि याचा आम्हाला अभिमान होता.

त्या वर्षी दिनकरनं स्वतःचं दुकान टाकलं. दिनकर पाटील आमच्याच दुकानात पाना धरायला शिकला, बारा वर्षं राहिला, आणि आण्णांच्या पाया पडून बाहेर पडला. त्याला एका नव्या कंपनीची एजन्सी मिळाली होती. खरी नावं लिहीत नाही, आपल्याकडे टायरवरूनही भांडणं होतात. त्याच्या टायरच्या कडेवर गरुडाचं चित्र होतं म्हणून त्याला गरुड म्हणते. आम्ही विकत होतो त्यावर ढाल होती. ढाल जुनी, नावाजलेली. गरुडला कुणी ओळखत नव्हतं. राधानगरीकडचे तात्या म्हणून एक होते, गावोगावचं दूध गोळा करून आणणाऱ्या पुष्कळ गाड्या त्यांच्या होत्या. तात्या जो टायर घालतील तो तीन तालुके घालायचे. ते आण्णांना म्हणाले, "आण्णा, ढाल घालू का गरुड, तुमी सांगायचं. तुमी म्हणशीला ते." आता आण्णा स्वतः ढाल विकणारे. त्यांनी ढाल म्हटलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. पण आण्णांना ते सोसणारं नव्हतं. त्यांनी दिनकरला बोलावून घेतलं आणि सांगितलं, "तुजा गरुड मी माज्या जीपला घालतो. माजी ढाल तू तुज्या जीपला घाल. रस्ता एकच, वजन एकच. दिवाळीच्या तोंडाला बघू कोण किती झिजलंय." दुसऱ्याचा माल स्वतःच्या गाडीला लावून बघायचा, याहून चोख न्याय काय असणार? सगळी शाहूपुरी वाहवा म्हणाली.

चैत्रात दोन्ही जीपना नवे टायर चढले. मागं वाळूची सारखी पोती टाकली. हवा एकाच माणसानं एकाच मापानं भरली. आणि मोजमापाचं काम माझ्याकडे आलं. दर रविवारी दिनकरही जीप घेऊन यायचा, मी स्टीलची लहान पट्टी घेऊन चाकापाशी उकिडवी बसायचे, टायरच्या नक्षीतल्या खाचांमध्ये पट्टी रोवून खोली बघायची आणि वहीत लिहायची. डाव्या पानावर ढाल, उजव्या पानावर गरुड. लग्नाचं बघायला लागलेल्या मुलीनं भर रस्त्यावर चाकाशी बसावं हे आईला मुळीच आवडत नव्हतं. मला मात्र आठवड्यातला तेवढाच एक तास बरा वाटायचा. आषाढापर्यंत दोन्ही पानं जावाजावांसारखी बरोबरीनं चालली, कुणी कुणाला मागं टाकेना. दिनकरच्या चेहऱ्यावर तेज आलं. येताना तो माझ्यासाठी शेंगदाण्याचे लाडू आणायला लागला.

मग पाऊस लागला, आणि उजवं पान घसरलं. आधी थोडं, मग दर रविवारी जास्त. राधानगरीकडचा पाऊस म्हणजे रस्ता धुऊन नेणारा. डांबर निघालं, खडी वर आली, अणकुचीदार. आण्णा टायरवरून हात फिरवून म्हणाले, "ओल्या खडीवर गरुड टिकत न्हाई. रबर मऊ हाय." ढाल मात्र त्याच खडीवरून जाऊन शाबूत. दिनकर दर रविवारी माझ्या खांद्यावरून पट्टीकडे बघायचा आणि निघून जायचा. लाडू आणायचा तो, पण स्वतः खायचा नाही. भाद्रपदात एकदा मला म्हणाला, "तात्यांनी न्हाई म्हटलं की कंपनी एजन्सी काढून घेनार, सुनंदा. मग काय, परत येतो की तुमच्याच दुकानात पाना धरायला." हसत म्हणाला. मला त्या रात्री दोडक्याचा रागसुद्धा आला नाही, एवढं वाईट वाटलं. आणि त्याच्याहून वाईट वाटलं ते याचं, की हे सगळं माझ्याच अक्षरात लिहिलं जात होतं.

तात्या येणार होते नवरात्र संपल्यावर. मी वही उघडून बसायचे, मिटायचे, परत उघडायचे. काहीतरी खुपत होतं. एक तर टायर मधून झिजला नव्हता, कडांनी झिजला होता. कुणी किसणीवर घासाव्यात तशा बाहेरच्या कडा खरवडल्या गेल्या होत्या. आणि दुसरं म्हणजे, आश्विनात पाऊस उघडला. रस्ते वाळले, खड्ड्यांत मुरूम पडला, तरी गरुड कमी झिजायचं सोडून आणखी भरभर झिजायला लागला. पाऊस कारण असेल तर पाऊस गेल्यावर थांबायला नको? मी आण्णांना विचारलं तर म्हणाले, "एकदा नासलं की नासलं." मला ते पटलं नाही. मी म्हटलं, "उद्या मला संगं न्या. वाळूचं एक पोतं काढा, मी बसते." काय मनात आलं कुणास ठाऊक, नेलं.

जाताना आण्णा असे चालवत होते की मागच्या सायकलवाल्यानं घंटी वाजवावी. प्रत्येक ओळखीच्या माणसाला हात, प्रत्येक म्हशीला वाट. गारगोटीत दोन गिऱ्हाइकं केली, राधानगरीत एक, आणि तिथला माणूस बोलता बोलता आटपेना. आण्णांनी एकदा घड्याळ बघितलं, मग डोंगराकडे बघितलं, मग परत घड्याळ. मला आईच्या येरझारा आठवल्या. हा माणूस जागेवर उभा राहून तेच करत होता. साडेचार वाजून गेल्यावर आम्ही निघालो, आणि पुढचा तास-सव्वा तास मी माझ्या वडिलांना ओळखलं नाही. वळणावर वेग कमी नाही. जीप एका अंगावर कलायची आणि टायर किंचाळायचे. दुधाची गाडी आडवी आली की अगदी तिच्या पाठीला जाऊन करकचून ब्रेक, मग पुन्हा उसळी. मी दोन्ही हातांनी दांडी धरून बसले होते. एका वळणावर समोरून एसटी आली आणि आमचं बाहेरचं चाक रस्त्याच्या कडेवरून खाली उतरून परत वर चढलं. मी ओरडले, "आण्णा!" ते समोरच बघत म्हणाले, "एकोणीस मिनिटं हाईत." दुसरं काही नाही. कोपऱ्यावर हॉर्न वाजला, आईनं भाकरी टाकली, आणि आण्णा हात धुता धुता नेहमीच्या शांत आवाजात विचारत होते, किती मिनिटं हाईत. मी तशीच दुकानात गेले, खिळ्यावरचं कॅलेंडर काढलं आणि वहीच्या उजव्या पानाशेजारी ठेवलं. आषाढात सूर्य सातनंतर मावळत होता. मग हळूहळू पावणेसात, साडेसहा, सव्वासहा. दिवस जसा आखडत गेला तसा टायर झिजत गेला होता. दिनकरला जेवायची घाई नव्हती. तो रमतगमत आठ-नऊला यायचा. दोन्ही जीपना सगळं सारखं दिलं होतं आम्ही, चालवणारा सोडून. आण्णांच्या हातात काही खोट असेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्याही नाही.

दुसऱ्याच दिवशी सकाळी तात्या आले. पांढरी टोपी, मोठा आवाज, बसल्या बसल्या चहाची ऑर्डर. दिनकर दारातच उभा राहिला, आत आला नाही. आण्णांनी टायर दाखवले, हात लावून बघायला लावले. तात्या म्हणाले, "मग ठरलं की. गरुड पावसाचं न्हाई." आणि आण्णा "व्हय" म्हणणार एवढ्यात मी म्हटलं, "टायरात काय बी खोट न्हाई. गाडी जोरात चालत्या." आजही ते वाक्य आठवलं की कानशिलं तापतात. तात्यांनी बशी खाली ठेवली. "कुणाची गं पोरी?" "आण्णांची."

तात्या खदाखदा हसले. "आण्णांची? अगं, आण्णांच्या गाडीत बसलं की मानूस झोपतंय!" मी वही आणि कॅलेंडर पुढं केलं. बोलताना माझा आवाज चिरकत होता, तरी मी सगळं सांगितलं. कडा का झिजल्या, पाऊस उघडल्यावरही का झिजल्या, काल वळणावर काय झालं. आईचं स्वयंपाकघराचं दार अर्धं उघडं होतं आणि आतला भांड्यांचा आवाज थांबला होता. आण्णांनी वही घेतली. एक एक रविवार बोट ठेवून वाचला, आणि दर रविवारी मान वळवून कॅलेंडर बघितलं. इतका वेळ लावला की तात्यांचं हसू विरलं. मग आण्णा उठून बाहेर गेले, जीपच्या पुढच्या चाकाशी बसले आणि अंगठा कडेवरून फिरवत राहिले. परत आले ते दिनकरपाशी थांबले. "दिनकर, तुजा टायर चांगला हाय. चालवनारा वाईट हाय." मग तात्यांकडे वळून म्हणाले, "गरुड घाला, तात्या. माज्या शब्दावर घाला." दिनकर त्यांच्या पाया पडायला वाकला तर त्याला त्यांनी मध्येच धरला, आणि माझ्याकडे न बघता आत गेले.

मला वाटलं होतं, खरं सांगितलं म्हणून मला हलकं वाटेल. कसलं काय. आई माझ्यावर चिडली नाही, आण्णांवर चिडली, आणि तिचं चिडणं म्हणजे हळू आवाजात बोलणं. "मला वाटायचं देवाची कृपा, म्हनून वेळेत येता. उद्यापासनं डबा न्यायचा." आण्णा म्हणाले, "रस्त्याकडेला बसून जेवू व्हय भिकाऱ्यागत?" "बसा. पर धड या." मग त्यांचं बराच वेळ काहीतरी ठरत होतं, ते मला ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी पितळी डबा जीपमध्ये गेला. त्या दिवसापासून आमच्याकडची संध्याकाळची धावपळ थांबली. बांगड्यांच्या येरझारा थांबल्या, हॉर्न थांबला. आण्णा अंधार पडल्यावर आरामात यायचे. ज्या गोष्टीला मी कंटाळले होते तीच गेल्यावर मला घर खायला उठलं. आठ दिवस आण्णा माझ्याशी "हं" आणि "न्हाई" यापलीकडे बोलले नाहीत. मी वहीला हात लावला नाही.

नवव्या दिवशी सकाळी ते किल्ली घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "चल." एवढंच. दिवसभर गिऱ्हाइकं केली. परतताना राधानगरीच्या अलीकडे, भाताची खाचरं पिवळी पडली होती तिथं एका जांभळाच्या झाडाखाली त्यांनी जीप उभी केली. बॉनेटवर वर्तमानपत्र पसरलं, डबा उघडला. भाकरी, दोडका, शेंगदाण्याची चटणी. भाकरी गार होऊन चामड्यासारखी झाली होती. मी हात धुऊन बसले, घास तोडला, तर ते डब्याला हातच लावेनात. घड्याळ बघत उभे. म्हटलं आता कसली घाई, ऊन अजून झाडांवर आहे. "जेवा की आण्णा," मी म्हटलं.

"थांब. साडेपाच वाजूंदेत," ते म्हणाले. "तिनं साडेपाचला जेवायचं आनि मी साडेपाचला, असं ठरलंय आमचं. त्याशिवाय ती ताटावर बसंना." मग खाचरांकडे बघत, मला नव्हे तर जणू जीपला सांगावं तसे म्हणाले, "मी एक दिवस उपाशी झोपलो असतो तर काय झालं असतं गं? घाई माज्या पोटाची न्हवती."

आठ दिवस दाबून ठेवलेलं रडू मला तिथं रस्त्याकडेला आलं. आण्णांनी ते न पाहिल्यासारखं केलं. साडेपाच वाजले तसे म्हणाले, "बसली असंल आता," आणि पहिला घास तोंडात घातला. जेवण झाल्यावर किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाले, "शिक आता. हळू शिक." घरी पोचायला त्या दिवशी अंधार झाला, आणि कोपऱ्यावर हॉर्न मी वाजवला. आई दारात आली. आण्णा आत गेल्यावर तिनं मला बाजूला घेतलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "खरं सांग, किती वाजता जेवले?" मी म्हटलं, "साडेपाचला." तिनं मान हलवली. "पाचलाच ताट वाढून ठेवलंतं मी," ती म्हणाली. "साडेपाच वाजूपतोर घड्याळाकडं बघत बसले."